भोंगा टीव्हीतला, अंधार आमच्या घरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

८ मे २०२५ची रात्र, भारत-पाकिस्तान संघर्षाचे दिवस. शेजारच्या काकांच्या टीव्हीवर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजू लागला आणि माझ्या ८३ वर्षांच्या आईने उठून स्वयंपाकघरातला दिवा मालवला. १९७१ला चाळीतल्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. "अगं, टीव्हीवर वाजतोय," असं मी तीनदा सांगितलं तेव्हा ती पलंगावर टेकली. पुढे १० मेला वाहिन्यांनी कार्यक्रमांत असे भोंगे वाजवू नयेत, हे लेखी कळवायची वेळ नागरी संरक्षण महासंचालनालयावर आली!

८ मेच्या त्याच रात्री वाहिन्यांवर कराची बंदर 'उद्ध्वस्त' झालं, इस्लामाबादही म्हणे पडलं. सकाळी दोन्ही जागच्या जागी. एखाद्या वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली, बाकीच्यांनी नुसता विषय बदलला. पण सोसायटीच्या ग्रुपवर "कराचीचं काय झालं हो?" एवढंच एका गृहस्थांनी विचारलं, तर उत्तर आलं, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" दुसऱ्या टोकाचे तर लष्कराची पत्रकार परिषदही थापच मानणारे. तलावपाळीवर रोज एकत्र चालणारे आता वेगवेगळ्या वेळी येतात. शस्त्रसंधी जाहीर करणाऱ्या परराष्ट्र सचिवांनाही लोकांनी सोडलं नाही. शिव्यांचा एवढा भडिमार झाला की त्यांना 'एक्स'वरचं खातं कुलूपबंद करावं लागलं.

मला विचाराल तर वाहिन्या आणि ग्रुपवाले, दोष दोघांचा सारखा नाही. सरकारी परवान्यावर बातम्या देणाऱ्याची जबाबदारी मोबाइलवर बोटं चालवणाऱ्यापेक्षा मोठी. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात जीव गेलेल्या २६ जणांत तिघे आमच्या जिल्ह्यातल्या डोंबिवलीचे. आम्हाला राग यायला स्टुडिओतल्या आरडाओरड्याची गरज नव्हती.

माझी मागणी साधी आहे. खोटी बातमी जेवढा वेळ आणि जेवढ्या मोठ्या अक्षरांत चालवली, तेवढाच वेळ, तेवढ्याच अक्षरांत चूक कबूल करा. रात्री अडीचला खाली सरकणाऱ्या पट्टीत नको. २०२१च्या केबल टीव्ही नियमांनुसार प्रेक्षकाच्या तक्रारीवर वाहिनीने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मी एका वाहिनीला तक्रार धाडली. पोच आली, पुढे काही नाही.

काका म्हणतात, "कशाला मनस्ताप करून घेतेस? चॅनल बदल." त्यांच्याकडे मात्र अजून तीच वाहिनी चालू असते.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे