रंगवलेला चेहरा खोटा नसतो

महोदय,

मी मेटल (जोरकस, कर्कश रॉक संगीत) बँडमध्ये बास गिटार वाजवतो. चेहरा पांढरा-काळा रंगवून मंचावर उभा राहिलो की ‘सगळं सोंग आहे’ असं ऐकावं लागतं. मित्रांसोबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रं वठवायचा खेळ खेळताना मी म्हातारा जादूगार होतो, तेव्हा मात्र कुणी खोटा म्हणत नाही. तिथे सोंग सर्वांना मान्यच असतं. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीने झिगी स्टारडस्ट हे पात्र उभं केलं आणि ३ जुलै १९७३ रोजी लंडनमध्ये भर मंचावर त्याला निरोप दिला. म्हणून त्याचं गाणं खोटं ठरलं का? पंक या बंडखोर रॉक संगीताच्या चाहत्यांचे फाटके कपडेसुद्धा लंडनच्या किंग्ज रोडवर विकत मिळत (त्या पोरांचा संताप मात्र खराच होता). नव्याने येणाऱ्या मुलांना त्यांच्या टी-शर्टवरच्या बँडबद्दल प्रश्न विचारून पिटाळू नका. आधी त्यांना वाजवू द्या.

– एक बासवादक