सोबत जरूर न्या, पण पहिल्या रांगेत नको

संपादक महोदय,

रविवारी दुपारी चार-साडेचारचा प्रयोग असला की नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिराच्या किंवा परशुराम सायखेडकर नाट्यगृहाच्या दारात मैत्रिणींच्या जोड्या दिसतात. एकीची सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, ऐकू जरा कमी. दुसरी तिला घरून रिक्षाने घेऊन आलेली. शिरवाडकर आणि कानेटकरांच्या या शहरात अशा जीव लावणाऱ्या सोबतीमुळेच कितीतरी ज्येष्ठांचे नाटक सुटलेले नाही. मात्र प्रयोगांच्या व्यवस्थेत वावरताना दिसते ते असे, की काही गैरसोयी नेमक्या प्रेमापोटीच होतात.

सर्वांत मोठी गैरसोय मानाच्या पहिल्या रांगेची. रंगमंच प्रेक्षागृहाच्या जमिनीपासून बराच उंच असतो. पहिल्या-दुसऱ्या रांगेत दोन-अडीच तास मान वर करून बसावे लागते आणि मानेचे दुखणे असलेल्याला मध्यंतरापर्यंतच चक्कर येऊ लागते. कोपऱ्यातली खुर्ची असेल तर ध्वनिक्षेपक थेट कानावर येतो. ऐकू कमी येणाऱ्याला मोठा आवाज नव्हे, स्पष्ट आवाज लागतो, आणि नटाचे ओठ दिसले तर निम्मे काम होते. म्हणून मधल्या भागातली चौथी ते आठवी रांग उत्तम. बाल्कनीचे तिकीट स्वस्त पडते, पण जिन्याचा विचार करूनच घ्यावे.

खुर्ची वाटेकडेची घ्यावी हे सगळ्यांना ठाऊक असते. कोणत्या बाजूच्या वाटेकडेची, हे कोणी विचारत नाही. उजवा गुडघा वाकत नसेल तर मोकळी वाट उजव्या हाताला हवी, म्हणजे तो पाय अधूनमधून लांब करता येतो. तिकीट खिडकीवरच्या नकाशात डावे-उजवे हमखास उलटे होते. तेव्हा ‘रंगमंचाकडे तोंड करून बसल्यावर उजवीकडे वाट हवी’ असे पूर्ण वाक्य सांगावे. वाटेवर काठी आडवी टाकू नये, खुर्चीखाली सरकवावी. अंधारात उशिरा येणारा तिच्यावरच अडखळतो.

नाट्यगृहातली खुर्ची आपोआप मिटते, हे पडण्याचे एक मोठे कारण आहे. घरच्या खुर्चीच्या सवयीने माणूस न बघता मागे टेकतो आणि बैठक तोवर वर गेलेली असते. सोबत्याने आधी बैठक हाताने दाबून धरावी, मैत्रिणीच्या पोटऱ्या तिला टेकल्या की मगच बसायला सांगावे.

दुपारच्या प्रयोगाची आणखी एक अडचण म्हणजे ऊन. शालिमार चौकाच्या गर्दीतून लख्ख उजेडात आलेल्या डोळ्यांना अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि वयाबरोबर तो वाढत जातो. तिसरी घंटा झाली, दिवे उतरले आणि मग पायऱ्या शोधायला लागलो, तर पाय चुकणारच. पहिल्या घंटेच्या आधी, निदान वीस मिनिटे अगोदर, खुर्चीत बसलेले असावे. स्वच्छतागृहात त्याआधीच जाऊन यावे. मध्यंतर साधारण पंधरा मिनिटांचे असते आणि बायकांच्या रांगेत त्यातली दहा सहज जातात. प्रवेश बदलताना होणाऱ्या काळोखात तर मुळीच उठू नये.

श्रवणयंत्राची बॅटरी घरीच तपासावी. आवाज पूर्ण वाढवला तर शिट्टी वाजू लागते; ती तीन रांगांना ऐकू जाते आणि ज्याच्या कानात यंत्र आहे त्याला कित्येकदा पत्ताच नसतो. संगीत नाटक असेल तर यंत्रात संगीतासाठी वेगळी सोय आहे का, ते श्रवणतज्ज्ञाला आधीच विचारून घ्यावे. बोलणे स्पष्ट करण्यासाठी यंत्र आवाजात जे फेरफार करते, त्याने पदातले सूर बिघडतात.

‘काय म्हणाला गं?’ या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देण्याचा मोह टाळावा. एक वाक्य समजावताना पुढची दोन निसटतात आणि शेजारीही वैतागतात. त्यापेक्षा पात्रांची नावे आणि नाती रिक्षातच सांगून ठेवावीत, राहिलेले मध्यंतरात बोलावे. खोकल्याच्या गोळ्यांचे कागद आधीच काढून गोळ्या छोट्या डबीत ठेवाव्यात. वातानुकूलनासाठी शाल हवीच. मधुमेह असेल तर मध्यंतरातल्या बटाटेवड्याच्या भरवशावर न राहता घरचे काहीतरी जवळ ठेवावे. लघवी जास्त होणारी गोळी मात्र नाटकासाठी परस्पर टाळू नये, वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारावे.

पडदा पडल्यावर घाई नको. इतका वेळ बसून एकदम उठले की रक्तदाब उतरतो. मिनिटभर घोटे वर-खाली हलवावेत, गर्दी ओसरू द्यावी. पायऱ्या उतरताना सोबत्याने एक पायरी पुढे राहावे, चढताना एक पायरी मागे. न्यायला येणाऱ्याला प्रयोग संपल्यावर वीस मिनिटांनी बोलवावे, म्हणजे रस्त्यावर तिष्ठत उभे राहावे लागत नाही.

आता संयोजकांना कळकळीची विनंती. जाहिरातीत फक्त सुरू होण्याची वेळ असते. प्रयोग किती वाजता संपेल आणि मध्यंतर कधी, हेही छापा. औषध, जेवण आणि परतीच्या बसचा मेळ त्यावरच बसतो. पायऱ्यांच्या कडांना उठून दिसणारी पट्टी आणि मंद दिवा असावा; जागा दाखवणाऱ्याने विजेरीचा झोत चेहऱ्यावर नव्हे, जमिनीवर ठेवावा. आणि तिसरी घंटा छापलेल्या वेळेलाच द्या. वीस मिनिटे आधी येऊन बसलेल्या ज्येष्ठांचे प्रयोग अर्धा तास लांबला तर मध्यंतरापर्यंत फार हाल होतात, आणि ते तक्रार करत नाहीत, पुढच्या वेळी येत नाहीत.

— प्रयोगांच्या व्यवस्थेत काम करणारे काही रंगकर्मी, नाशिक