कीबोर्ड पाठवते आहे, बाबा

पुणे

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

रविवारी मामा खानापूरला येतोय. त्याच्या बॅगेत दोन वस्तू देते आहे. एक बाबांचा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड, आणि दुसरी आपल्या जुन्या लँडलाइन फोनची बटणं, जी आता एका छोट्या डबीत बसवली आहेत. दोन्ही चालू आहेत. वापरायचं कसं ते पुढे लिहिलंय, पण बाबा, आधी दुसरं बोलायचंय.

मागे फोनवर तुम्ही म्हणालात, "कीबोर्ड गेला, आता टायपिंगचं दुकानही आवरतो." कारणं दोन सांगितलीत. नव्या पातळ कीबोर्डावर बोट टेकल्याचं कळत नाही, आणि ऑनलाइन अर्जात आता युनिकोड मराठीच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारखीच वाचता येणारी मराठी, चालते, तुमच्या जुन्या फाँटातला मजकूर तिकडे गेला की अक्षरांचा चिवडा होतो. दोन्ही खरी आहेत. पण ही दोन्ही कारणं यंत्राची आहेत, तुमची नाहीत. तुमचे हात थकले असते, डोळे कंटाळले असते, तर मी एक शब्द बोलले नसते. आवरा म्हणाले असते. तसं नाहीये, म्हणून मी कीबोर्ड उघडून बसले.

कचेरीसमोरच्या त्या टेबलाचं मोल मला लहानपणी कळलं नव्हतं. गव्यांनी भात तुडवलं म्हणून कणकुंबीकडून भरपाईचा अर्ज घेऊन येणारी माणसं, उताऱ्यावर वडिलांचं नाव चुकलेली बाई, पेन्शन अडकलेले आजोबा. एकदा जांबोटीच्या एका म्हाताऱ्यांना तुम्ही समजावत होतात, की घटनेच्या कलम ३५० प्रमाणे माणसाला आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. आणि लगेच त्याच दमात त्यांना म्हणालात, पण काम लवकर व्हायचं असेल तर सोबत कन्नड प्रतही करून देतो. एकाच कीबोर्डावर दोन भाषा, दोन्ही मनापासून. आपल्या सीमाभागात असा माणूस टेबलावर बसलेला असणं फार मोठी गोष्ट आहे, बाबा. मला ते टेबल रिकामं बघवणार नाही.

आता कीबोर्डाचं सांगते.

उघडला तर आत स्विच सगळे ठणठणीत. जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच आहेत ते, एकेक पाच कोटी दाबांसाठी बनवलेला. म्हणून तर प्रत्येक दाबाला तो 'टिक' येतो आणि कळतं की अक्षर पडलं. बिघाड होता तो वायर आत येते तिथे. खानापूरच्या पावसाची ओल तांब्यावर चढून हिरवा गंज झाला होता आणि शेजारची कंट्रोलर चिप मेली होती. म्हणजे हात-पाय धडधाकट, निरोप पोचवणारा तेवढा गेला. असा कीबोर्ड भंगारात टाकायचा नसतो.

आई, तुला वडगावच्या मागांची सवय आहे, म्हणून तुला हे चटकन कळेल. कीबोर्डात प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. १०४ बटणांना १०४ वायरी कुठल्या चिपला जोडणार? त्याऐवजी आत तारांचा ताणा-बाणा असतो, काही उभ्या रेषा, काही आडव्या, आणि जिथे दोन रेषा एकमेकींवरून जातात तिथे एक बटण. बटण दाबलं की त्या दोन रेषा जोडल्या जातात. चिप एकेका रेषेवर वीज सोडून बाकीच्या तपासत राहते, सेकंदाला हजारावर वेळा, आणि कुठल्या छेदावर दाब आहे ते ओळखते. आपल्या कीबोर्डात ८ आडव्या आणि १६ उभ्या रेषा निघाल्या. म्हणजे १२८ जागा, आणि जोडायला फक्त २४ वायरी.

मल्टिमीटर, म्हणजे वीज तपासायचं यंत्र, बझरवर ठेवून (तार जुळलेली असली की तो वाजतो) मी एकेक रेषा शोधली आणि कागदावर नकाशा काढला. कंटाळवाणं काम, पण मला फार आवडलं. मग मेलेल्या चिपकडे जाणारे तांब्याचे मार्ग कापले आणि त्या २४ वायरी रास्पबेरी पाय पिको नावाच्या, नवी चिप असलेल्या बोटभर पट्टीला जोडल्या. ती तपकीर गल्लीत मिळते. तिच्यावर अशा जोडण्यांसाठी २६ जागा असतात, म्हणजे आपलं काम भागून दोन उरल्या. लहान पट्ट्याही मिळतात, पण त्यांच्यावर १८च्या आसपास जागा, म्हणून पिकोच घेतली.

एक गोष्ट मात्र मी जुन्यापेक्षा चांगली केली. ताण्या-बाण्यात तीन बटणं एकदम दाबली गेली आणि ती चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर असली, तर वीज उलटी फिरून चौथ्या कोपऱ्याचं बटणही दाबल्यासारखं भासतं. भरभर टाइप करणाऱ्या माणसाचं एक बोट उठायच्या आत दुसरं पडतं, त्यात शिफ्ट दाबलेलं असतंच. उपाय डायोडचा. तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट आणि तुमच्या हाताखाली सतत येणाऱ्या बटणांच्या जोडणीत मी तांदळाच्या दाण्याएवढे ४१४८ नंबरचे डायोड बसवले आहेत.

हे झालं तारांचं. खरा जीव फर्मवेअरमध्ये आहे, म्हणजे त्या चिपच्या पोटात कायम राहणारा प्रोग्राम. क्यूएमके नावाचा प्रोग्राम जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिला आहे, फुकट आहे आणि कुणीही उघडून बदलू शकतो. त्यात कुठल्या बटणानं काय करायचं ते आपण ठरवायचं. इथे मला तुमच्या बोटांचा नीट अभ्यास करावा लागला.

भारतीय भाषांच्या कीबोर्डाची सरकारी इन्स्क्रिप्ट मांडणी १९८६ साली ठरली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. मराठीतला क ज्या बटणावर, त्याच बटणावर कन्नडमधला क. आमच्यासारख्या दोन भाषांच्या मुलखातल्या पोरांनी आज शिकायची तर तीच शिकावी असं मी म्हणेन. पण तुम्ही गोदरेजच्या टाइपरायटरपासून आलेले. तुमची बोटं कागदावर अक्षर जसं दिसतं त्या क्रमानं चालतात. 'विनंती' लिहिताना तुम्ही आधी वेलांटी मारता, मग व. युनिकोडला आधी व लागतो, मग वेलांटी. 'अर्ज' लिहिताना रफार शेवटी देता, युनिकोडला तो र म्हणून ज च्या आधी लागतो. ग, ण, श यांचं तर अर्धं अक्षर आधी आणि मग काना देऊन पूर्ण करायचं. इतक्या वर्षांचं हे बोटांतलं ज्ञान पुसून टाका असं मी तुम्हाला कशी सांगू? कॉम्प्युटरनंच जुळवून घ्यावं.

म्हणून कॉम्प्युटरला वाटतं की समोरचा माणूस इन्स्क्रिप्टमध्ये टाइप करतोय, आणि तुम्ही करत असता टाइपरायटरच्या पद्धतीनं. मधला दुभाषा कीबोर्डाच्या आतच बसला आहे. तुम्ही वेलांटी मारलीत की तो ती पोटात ठेवतो, पुढचं अक्षर आलं की आधी अक्षर पाठवतो आणि मागून वेलांटी. 'स्थिती'सारखं जोडाक्षर असेल तर अर्धा स आणि थ दोन्ही येईपर्यंत थांबतो. अर्धं अक्षर मारलंत की पुढे काना येतो का बघतो. आला तर पूर्ण अक्षर पाठवतो, नाहीतर पाय मोडून. रफार मारलात तर आधी पाठवलेलं अक्षर स्वतःच खोडून, र घालून, पुन्हा लिहितो. हे सगळं इतक्या झटकन होतं की डोळ्यांना फक्त 'अर्ज' दिसतो. 'शेतकऱ्याच्या' मधला ऱ्य तुम्हाला रोज लागतो, त्यातल्या त्या अर्ध्या ऱ ला एक स्वतंत्र बटण दिलं आहे.

हेच एखाद्या सॉफ्टवेअरनंही करता आलं असतं. पण ते प्रत्येक कॉम्प्युटरवर घालावं लागतं, आणि लाइट गेली की तुम्ही शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन बसता. आता कीबोर्ड उचलायचा आणि जायचं. तिथल्या विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड चालू असली आणि भाषांचे शॉर्टकट आपल्यासारखे लावले, की तुमची मांडणी तुमच्यासोबत. ते शॉर्टकट मी कागदावर लिहून कीबोर्डाच्या पाठीला चिकटवलेत.

कन्नडला मी हात लावलेला नाही. के. पी. राव यांची जी मांडणी तुम्ही नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये वापरता, तीच चालेल. त्या वेळी दुभाषा गप्प बसतो आणि बटणं जशीच्या तशी पुढे पाठवतो. भाषा बदलायला वर उजवीकडची तीन बटणं घेतली, जी तुम्ही कधी वापरत नाही. स्क्रोल लॉकवर मराठी, पॉजवर कन्नड, प्रिंट स्क्रीनवर इंग्रजी. एकच बटण कीबोर्डालाही बदलतं आणि विंडोजलाही, त्यामुळे कन्नड समजून मराठी उमटलं असं होणार नाही.

दोन सवयी मात्र नव्या लागतील. वेलांटी किंवा अर्धं अक्षर लगेच पडद्यावर दिसणार नाही, पुढचं बटण दाबल्यावर दिसेल. दिसलं नाही म्हणून पुन्हा मारू नका. आणि माउसनं दुसऱ्या ओळीवर गेलात तर कीबोर्डाला ते कळत नाही, तेव्हा क्लिक केल्या केल्या पहिलाच रफार मारू नका. आधी पूर्ण शब्द लिहा, मग हात मोकळा.

कुठलं अक्षर तुमच्या बोटाला चुकीच्या जागी वाटलं तर कागदावर लिहून ठेवा आणि रात्री फोनवर सांगा. मी बदल करून फाइल पाठवेन. कीबोर्डाच्या पाठीला एक बारीक भोक ठेवलंय, आत बटण आहे. ते काडीनं दाबून धरून वायर लावली की कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह दिसेल, त्यात फाइल टाकायची, झालं. शेजारचा पोरगा करून देईल. बटणांवरची पुसलेली अक्षरं मी पुसलेलीच ठेवली. तुम्ही कुठे बघता त्यांच्याकडे?

आता आई, तुझी डबी. फोनच्या बटणांतही तोच ताणा-बाणा, पण लहान. चार आडव्या, तीन उभ्या रेषा, १२ बटणं, सात वायरी. रबराच्या खाली काळ्या कार्बनच्या टिकल्या असतात, त्या अल्कोहोलनं पुसल्या आणि सगळी बटणं जिवंत झाली. जोडली तीही पिकोलाच.

बाबा जेवायला किंवा कचेरीत आत गेले की दुकानात तू बसतेस, माणसं थांबतात, आणि तुला वाटतं आपल्याला टाइप करता येत नाही म्हणून नुसतं बसून राहावं लागतं. तर आता १ दाबलंस की 'मा. तहसीलदार साहेब, खानापूर यांस' ही पूर्ण ओळ उमटेल. २ वर 'विषय', ३ वर 'अर्जदाराचं नाव व पत्ता', ४ वर 'वरील विषयास अनुसरून विनंती करतो की', ५ वर तेच 'करते की'. असं ९ पर्यंत. शून्यावर 'आपला विश्वासू' आणि खाली सहीची जागा. माणसाला नाव विचारून तू एका वहीत लिहून ठेवायचंस, सांगाडा तयार ठेवायचास, बाबा आले की मधला मजकूर भरतील. मराठीचं बटण आधी दाबायला तेवढं विसरू नकोस. बटणं मोठी आहेत आणि जागा तुझ्या बोटांना पाठ आहेत, चष्मा शोधावा लागणार नाही.

गुडघ्यासाठी बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम चालू आहे ना? बाबा, तुम्हीही तासाभरानं उठून चार पावलं चाला. हे मी कीबोर्डात घालू शकत नाही, म्हणून पत्रात लिहिते आहे.

वायरींचा नकाशा पाकिटात घातलाय, तो डिंकानं डबीच्या आत चिकटवून ठेवा. उद्या मी जवळ नसले तरी कुणालाही दुरुस्त करता येईल. पावसात कीबोर्डावर रात्री कापड घाला, प्लॅस्टिक नको, आत ओल धरते.

आई, फुलीचं आणि जाळीचं अशी दोन बटणं अजून रिकामी आहेत. दुकानात तुला सारख्या कुठल्या ओळी लागतात ते दोन दिवस बघ आणि मला कळव.

तुमची,
लेक