दगड, 1 नग, मूल्य निरंक

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मी कोथरूडला राहतो, गाव मुळशी तालुक्यातलं. गेल्या मंगळवारी चुलतभावाचा फोन आला तेव्हा रस्त्यासाठी अर्धी देवराई आडवी झाली होती. जनसुनावणीत आपल्याच अधिकाऱ्यांनी माईकवरून सांगितलं होतं, "देवस्थानाची स्वतंत्र पाहणी झाल्याशिवाय काम सुरू होणार नाही." गावाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पाहणी झालीच नाही, पंचनामा तेवढा झाला. त्याची नक्कल मिळवायला चार चकरा मारल्या. अनुक्रमांक 23 वर लिहिलंय: 'दगड, शेंदूर लावलेला, 1 नग. मूल्य निरंक.'

साहेब, तो दगड म्हणजे आमची वाघजाई. माझ्या मुलाचं जावळ तिथे काढलं. घरातल्या प्रत्येक लग्नाची पहिली पत्रिका तिथे ठेवली. वडील गेले त्या वर्षी आई तिथे एकटी दुपारभर बसून राहिली, कुणी हाक मारली नाही. त्या राईतलं वाळकं काटूकसुद्धा चुलीसाठी कुणी उचलत नाही. (आजीने एकदा उचललं आणि महिनाभर पाय सुजला, असं घरात सांगतात. हसायचं तर हसा.) सातबाऱ्यावर मात्र ही जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी! झाडं तुमच्या मोजणीत 41, आमच्या मते दोनशेच्या खाली नसतील. मोजून दाखवा म्हणाल, तर आता काय मोजू, बुंधे?

कायदा नाही असंही नाही. सामाजिक परिणाम तपासताना काय काय बघायचं, याची यादी 2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 4 मध्ये आहे: पोस्ट, रेशन दुकान, अंगणवाडी, गुरांचं पाणी, प्रार्थनास्थळं, स्मशानं. पण कळस असल्याशिवाय तुमच्या माणसाला देव दिसत नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर तेवढंही नको, कलम 105 ची माफी तयारच. सत्तरच्या दशकात याच पुण्यातून वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ देवरायांचा अभ्यास करायला गावोगाव जात. तुमच्या सल्लागाराने ड्रोन उडवला. ड्रोनला शेंदूर काय कळणार?

त्याच 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न तिथल्या आदिवासींच्या ग्रामसभांकडे पाठवला. बाराच्या बारा ग्रामसभा 'नाही' म्हणाल्या आणि डोंगर वाचला. आम्ही आदिवासी नाही, म्हणून आमची देवी हलक्या प्रतीची का?

मुळशीला हे नवं नाही म्हणा. 1921 मध्ये धरणासाठी जमिनी गेल्या, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि त्या जमिनींवर हक्क असलेल्या पुण्यातल्या सावकारांनी मोबदला मोजून घेतला. तेव्हापासून सरकारं बदलली, झेंडे बदलले, नकाशावर आधी रेघ ओढून मग गावाला विचारायची रीत बदलली नाही. आणि खरं सांगू? शेजारच्या आमच्या शेताचा मोबदला माझ्याही खात्यात जमा झालाय. त्या सावकारांच्या जागी आज मीच बसलोय की काय, या विचाराने झोप लागत नाही.

मागणं फार नाही. उरलेली अर्धी राई तोडायच्या आधी तुमच्या माणसाने गावातल्या दोन म्हाताऱ्यांबरोबर ती चालत बघावी आणि त्या जे सांगतील ते कागदावर लिहावं. आणि पुढच्या गावात हे रेघ ओढायच्या आधी व्हावं. उत्तर येईल अशी आशा नाही. तरीपण आईने यंदाचा नारळ फ्लॅटच्या खिडकीत ठेवलाय, तो कुठे फोडायचा एवढं तरी कळवा.

आपला,
अ. क्र. 23 चा एक भक्त