हिवाळ्यात गुरांना गोठा हवाच

डोंगरउतारावरची गुरे हिवाळ्यातही उघड्यावरच ठेवावीत, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातला कळवळा पटला, निष्कर्ष पटला नाही. कोरड्या थंडीला गाय सहसा दाद देत नाही; अंगावरचे केस दाट आणि कोरडे असतील, तर उणे ७-८ अंशांपर्यंत ती सहज तग धरते. पण तेच केस पावसाने भिजले, की साधारण १५ अंशांखालीच ऊब टिकवायला तिला जादा शक्ती खर्चावी लागते. डोंगरावर तर पाऊस आणि वारा एकत्रच येतात. मग खाल्लेला चारा ऊब राखण्यातच जातो आणि गाभण गाईच्या बरगड्या दिसू लागतात. कुरणाचेही हाल होतात. ओल्या उतारावर खूर खोल रुततात, माती दबते, गवताची मुळे तुटतात आणि वसंतात चारा उशिरा फुटतो.

कोंदट गोठ्यात गुरांना फुप्फुसाचे आजार जडतात, हा लेखातला आक्षेप मात्र अगदी रास्त आहे. त्यासाठी आढ्याशी हवा खेळायला फट, खाली कोरडा पेंढा आणि गुरांना मोकळे फिरता येईल एवढी जागा, हे निकष सक्तीचे करावेत.

– एक पशुपालक