हिमिकोबद्दल, सुहासला

प्रिय सुहास,

मित्सुओका कंपनीच्या हिमिको या जपानी गाडीचा फोटो पाहून तू लिहिलंस, "ही गाडी नव्हे, माझदाला घातलेला मुखवटा आहे." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण उद्यमनगरात रोज पत्रा ठोकणारा माणूस असं म्हणतो, तेव्हा नीट उत्तर द्यायलाच हवं.

ही गाडी तोयामाची. जपानी समुद्राकाठचं शहर, पाठीशी तातेयामाचे बर्फाळ डोंगर. इथले औषधविक्रेते पूर्वी पाठीवर पेट्या घेऊन देशभर हिंडायचे. या शहरात 1968 साली सुसुमु मित्सुओकांनी गाड्यांच्या दुरुस्तीचा धंदा सुरू केला. म्हणजे तुझ्यासारखंच डेंटिंग-पेंटिंग! 1982 मध्ये त्यांनी 50 सीसीची इवलीशी गाडी काढली, 1993 मध्ये निस्सान मार्चला जुन्या जॅग्वारचा चेहरा देऊन 'व्ह्यूट' काढली, आणि 1996 मध्ये तर जपान सरकारने त्यांना रीतसर वाहन-उत्पादक म्हणून मान्यता दिली. टोयोटा, होंडा यांच्या पंगतीत हा दुरुस्तीवाला जाऊन बसला. मला याचा फार आनंद होतो.

आता मुखवट्याचं. पहिली हिमिको 2008 ची, आताची 2018 ची. नाव तिसऱ्या शतकातल्या जपानी राणीचं. खाली माझदा एमएक्स-5 आहे, म्हणजे माझदाची दोन सीटांची, उघड्या टपाची छोटी गाडी (रोडस्टर), हे खरं. पण नुसतं नवं नाक चिकटवलेलं नाही रे. पुढचा भाग वाढवून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 580 मिलिमीटरने लांब केलाय, जवळजवळ दोन फूट! पहिल्या हिमिकोत तर 700 मिलिमीटरने वाढवला होता. तू विचार कर, पुढची चाकं इतकी पुढे गेली की चासीचा (खालच्या सांगाड्याचा) ताठपणा, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, सगळंच नव्याने बसवावं लागणार. मग त्यावर ते लांबलचक बॉनेट, सुटे उठलेले मडगार्ड, गोल दिवे, उभी जाळी. दारं आणि पुढची काच मात्र माझदाचीच, आणि नव्या मडगार्डची रेषा त्या जुन्या दाराला येऊन मिळायला हवी. सगळं कसब तिथे आहे. बांधणी हाताने होते, म्हणून गाड्या थोड्याच निघतात.

पूर्वी रोल्स-रॉइससुद्धा नुसती चासी द्यायची आणि बॉडी गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. आपल्याकडच्या संस्थानिकांनीही तशाच बांधून घेतल्या. त्या बॉडीला आपण मुखवटा म्हणत नाही. मग हिलाच का?

आणखी एक. 1989 ची मूळ एमएक्स-5 तरी कुठून आली? लोटस एलानसारख्या हलक्या इंग्लिश रोडस्टरवर माझदाच्या माणसांचा जीव जडला होता, त्यातून. हिरोशिमाचे ते लोक घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत असं म्हणत गाडी बनवत होते. तोयामावाले त्याच वाटेने आणखी मागे गेले, लांब बॉनेटच्या काळात. तेव्हा सहा किंवा आठ सिलिंडर एका ओळीत उभे असायचे, त्यांना जागा लागायची म्हणून बॉनेट लांब. हिमिकोत मात्र दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, सुमारे 130 अश्वशक्तीचं इंजिन आहे. एवढ्या लांबीची त्याला गरज नाही. ती लांबी केवळ देखणेपणासाठी आहे, आणि तेवढं कारण मला पुरतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. माझदाने ग्रॅम ग्रॅम वाचवून वजन एक टनाच्या आसपास ठेवलं; त्या मेहनतीवर हिमिकोत थोडं पाणी पडतं. आणि आत बसलं की समोर माझदाचाच डॅशबोर्ड. बाहेर एवढा जीव ओतल्यावर आतही थोडं लाकूड, थोडं घड्याळकाम हवं होतं. तिथे तुझं म्हणणं मला निम्मं पटतं.

परवा नागोयात एक पांढरी हिमिको सिग्नलला उभी दिसली. टप उघडा, चालवणाऱ्या आजीबाई सत्तरीच्या असाव्यात. दार जवळजवळ मागच्या चाकाला टेकलेलं, आणि पुढे ते अफाट बॉनेट. विचारून चार फोटो काढले, सोबत पाठवतोय. मडगार्ड दाराकडे उतरतो तिथला फोटो मोठा करून बघ. मला जोड सापडला नाही. तुला कुठे दिसतो, आणि तू तिथे पत्रा कसा वळवला असतास, ते सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
संजय