मंत्री मॅडम, ३ वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये मूल मोठं होत नाही

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

मॅडम, नमस्कार.

गेली १७ वर्षं मी गरोदर बायकांचा आहार लिहून घेतेय आणि बाळांची वजनं-उंची मोजतेय, आणि त्यातली बहुतेक वर्षं ११-११ महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर काढलीयत. पण हे पत्र माझ्या पगारासाठी नाहीये. हे काम ज्या पद्धतीने चालतं त्यात लेकरांचं नुकसान होतंय, म्हणून लिहितेय.

आमचं काम कसं असतं ते आधी सांगते. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर अंगणवाडीताईंच्या ओट्यावर लेंथ बोर्ड (बाळाला आडवं झोपवून उंची मोजायची फळी) मांडायचा, एकीने बाळाचं डोकं सरळ धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून टाच फळीला टेकवायची आणि त्या एका क्षणात आकडा वाचायचा. बाळ रडतं, पाय झाडतं, आई कासावीस होते. एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी मूल खुजं धरायचं की नाही हे बदलतं. हे हाताला बसायला वर्ष जातं, आणि सासूबाई तुम्हाला घरात घेऊन सून रात्री खरंच काय जेवली ते सांगायला लागतात त्याला त्याहून जास्त. तोपर्यंत ऑर्डर संपते.

एका प्रोजेक्टमध्ये (संस्थेचं नाव घेत नाही) आम्ही गरोदरपणापासून आया नोंदवल्या, बाळं दोन वर्षांची होत आली आणि फंड संपला. टीम पांगली, फॉर्म खोक्यात बांधून माळ्यावर गेले. ती मुलं आता शाळेत असतील, कशी वाढली ते कोणालाच माहीत नाही. मला अजूनही त्याचं फार वाईट वाटतं.

याच्या उलट काय होऊ शकतं ते पुण्याजवळच्या ६ गावांत दिसलंय. केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये तिथे अभ्यास सुरू केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी असले तरी चरबी टिकून होती, म्हणजे हडकुळं दिसणारं बाळ आतून चरबीचं. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा रावांनी आयांच्या जेवणाचा हिशोब मांडला तेव्हा बाळाच्या आकाराचा संबंध कॅलरी आणि प्रोटीनपेक्षा पालेभाजी, फळं आणि दुधाशी जास्त निघाला. आणि ती मुलं ६ वर्षांची झाल्यावर कळलं की ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (तेही एक बी जीवनसत्त्व) जास्त होतं, त्या मुलांत इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे पुढे डायबेटिसकडे नेऊ शकणारी अवस्था, सगळ्यात जास्त. ही गोष्ट ६ वर्षं थांबल्याशिवाय कळलीच नसती! पुढे २०१२ पासून त्याच मुलामुलींना किशोरवयात बी-१२ देऊन बघितलं, म्हणजे ते आईबाप व्हायच्या आधीच. एवढं सगळं जमलं कारण लोक एकाच कामाला वर्षानुवर्षं धरून राहिले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ दिला गेला, तोही गरोदर राहण्याआधीपासून. सगळ्यांचा मिळून वजनात फरक दिसला नाही, पण दिवस जायच्या किमान ३ महिने आधी ज्यांनी सुरुवात केली होती त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. आपल्या योजनेतला अमृत आहार आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना मिळतो, चांगलाच आहे तो, पण नवीन लग्न होऊन आलेल्या १९ वर्षांच्या मुलीच्या ताटाकडे कोण बघतं?

मॅडम, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातला ५ वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा चौथ्या फेरीत ३४ टक्के होता, पाचव्या फेरीत ३५. बायकांमधला अ‍ॅनिमिया ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेला. पाहणी किती ते सांगते, का ते शोधायला तीच आई आणि तेच मूल वर्षानुवर्षं बघावं लागतं.

म्हणून मागणी एवढीच आहे. मोखाडा, धारणी, अक्कलकुवा अशा आदिवासी तालुक्यांत किमान २० वर्षांचा फॉलोअप राज्याने स्वतःच्या बजेटमधून चालवावा, त्यात नवविवाहित मुलीही घ्याव्यात, मोजमाप करणाऱ्या मुलींना कायम पदं द्यावीत, आणि जे फॉर्म माळ्यावर पडलेत ते उतरवून ती मुलं शोधायला परवानगी आणि थोडे पैसे द्यावेत. त्या पाड्यांवर मी स्वतः जायला तयार आहे, घरं अजून लक्षात आहेत माझ्या. फक्त दिवाळीनंतर लोक वीटभट्ट्यांवर जातात आणि पाडे रिकामे होतात, त्याआधी ऑर्डर निघाली तर यंदाच भेटतील सगळी.

आपली,
पोषण क्षेत्रातली एक संशोधक